लॅटिना लेखिकांच्या स्थलांतराच्या कादंबऱ्या: वाचकांची चर्चा रंगवायची कशी?

अमेरिकेत 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळांच्या लोकांच्या, वारशाचा महिना म्हणून पाळतात. त्या दिवसांत गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात डोकावलं की ज्युलिया अल्वारेझ, सँड्रा सिस्नेरोस, रेयना ग्रान्दे, अँजी क्रूझ या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांच्या, लेखिकांची नावं दर्शनी टेबलावर हमखास दिसतात, आणि नशीब जोरावर असेल तर एखादी लेखिका-भेटही ठरलेली असते. भेटीची सुरुवात छान होते. लेखिका चार पानं वाचते, सूत्रसंचालक दोन प्रश्न विचारतो आणि माइक श्रोत्यांकडे येतो. पहिला हात वर होतो: "हे सगळं तुमच्याच घरात घडलंय का?" दुसरा हात: "सीमेचा प्रश्न सुटायचा कसा?" गावोगाव हेच विचारलं जात असल्यामुळे लेखिकेला दोन्ही उत्तरं पाठ असतात. ती हसून देतेही. पण ज्याच्यासाठी सगळे जमले ते पुस्तक तसंच टेबलावर पडून राहतं.

मी न्यू जर्सीत एक वाचन गट चालवते. निम्मी मंडळी मराठी, बाकीची ग्रंथालयातल्या पाटीवर वाचून आलेली. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रश्न कादंबरीच्या बांधणीला विचारावेत: कोण बोलतंय, कुठल्या क्रमाने, आणि कोणाला बोलूच दिलेलं नाही. तिथून सुरुवात केली की लेखिकेचं आयुष्य आणि अमेरिकेचं राजकारण दोन्ही आपसूक येतात, आणि जास्त खरेपणाने येतात. लेखिका समोर असो वा नसो, अशी चर्चा घडवण्यासाठी काय काय करावं लागतं ते क्रमाने सांगते.

पुस्तक निवडताना

स्थलांतराची कादंबरी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वाळवंट आणि कुंपण येतं. यातल्या कितीतरी कादंबऱ्यांत कुंपण नाहीच. म्हणून आधी कुठला प्रवास वाचायचाय ते ठरवा.

अल्वारेझचं कुटुंब 1960 मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातून न्यूयॉर्कला आलं, कारण तिचे वडील हुकूमशहा त्रुहियोविरुद्धच्या कटात होते. तिची 1991 ची 'हाउ द गार्सिया गर्ल्स लॉस्ट देअर अ‍ॅक्सेंट्स' अशाच राजकीय पलायनातून आलेल्या चार बहिणींची आहे. घरात मोलकरणी असलेल्या खात्यापित्या घरातल्या मुलींची. क्रिस्टिना गार्सियाच्या 'ड्रीमिंग इन क्यूबन'मध्ये (1992) क्रांती एकाच घराचे दोन तुकडे करते. आजी सेलिया क्यूबात दुर्बीण घेऊन किनाऱ्यावर पहारा देते, मुलगी लूर्देस ब्रुकलिनमध्ये बेकरी चालवते आणि नात पिलार मधे लोंबकळते. अँजी क्रूझच्या 'डॉमिनिकाना'त (2019) लग्न हाच व्हिसा. पॅट्रिशिया एंगलच्या 'इन्फिनिट कंट्री'त (2021) कोलंबियन जोडपं पर्यटक व्हिसावर येतं आणि मुदत संपल्यावरही राहतं. पोर्तो रिकोची माणसं तर 1917 पासून अमेरिकेची नागरिकच आहेत. सान हुआनहून न्यूयॉर्कला यायला त्यांना व्हिसा लागत नाही, आणि तरी परकेपणा चुकत नाही. त्यामुळे लेखिकेची ओळख करून देताना नुसतं 'लॅटिना' म्हणून थांबू नका. क्यूबन-अमेरिकन, डॉमिनिकन-अमेरिकन, नक्की काय ते सांगा.

व्यवहाराचं बोलायचं तर पानं मोजा. नोकरी-घर सांभाळून वाचणाऱ्यांच्या गटाला वलेरिया लुइसेलीची 'लॉस्ट चिल्ड्रन अर्काइव्ह' (2019) एका महिन्यात झेपत नाही; ती दोन बैठकांत वाचावी. 'इन्फिनिट कंट्री' दोनशे पानांच्या आत आहे. सिस्नेरोसची 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट' (1984) त्याहून लहान, शिकागोतल्या एका मुलीच्या छोट्या छोट्या प्रकरणांची. पण तिथे प्रवास आधीच्या पिढीने केलाय, हे लक्षात ठेवून निवडा.

मराठी गटाने पहिलं पुस्तक कुठलं घ्यावं असं कोणी विचारलं तर मी डोळे मिटून क्रिस्टिना हेन्रिकेझची 'द बुक ऑफ अननोन अमेरिकन्स' (2014) सांगते. मेक्सिकोतलं रिवेरा कुटुंब डेलावेअरला येतं ते अपघातात मेंदूला इजा झालेल्या मारिबेल या मुलीला विशेष शाळा मिळावी म्हणून. बाप अर्तुरोचा गावाकडे बांधकामाचा धंदा होता. इथे तो अंधाऱ्या खोल्यांत मशरूम खुडतो, कारण व्हिसा त्या कंपनीने दिलाय. मग नोकरी जाते आणि तिच्याबरोबर कायदेशीरपणाही. एच-वन या कामाच्या व्हिसावर असताना नोकरी गेल्यावर कमाल 60 दिवसांत नवा मालक शोधायचा असतो हे ज्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे, त्या घरातल्या वाचकाला हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. एच-वनवर असलेल्या आमच्या गटातल्या एकीने ते प्रकरण वाचून पुस्तक काही दिवस बाजूला ठेवून दिलं होतं.

प्रती मिळवायला अमेरिकेत फार त्रास नाही. अनेक ग्रंथालयं वाचन गटांसाठी एकाच पुस्तकाच्या आठ-दहा प्रतींचा संच पिशवीत घालून देतात, शिवाय मागणी केली की दुसऱ्या गावाहून प्रत मागवतात. भारतात ई-बुक हा सोपा रस्ता. श्राव्य पुस्तक घेणाऱ्यांना एक सूचना: क्रम आणि निवेदक सारखे बदलणारी पुस्तकं नुसती ऐकून हातातून निसटतात. एखादी छापील प्रत जवळ असू द्या.

पार्श्वभूमीचा एक कागद

गटातल्या एकाने एका पानाचा कागद तयार करावा. एकच पान, दुसरं पान कोणी वाचत नाही. आणि तो कागद आधी वाटू नका. पन्नासेक पानं वाचून झाली, माणसं गोंधळली, की मग द्या. आधी दिला तर वाचक कादंबरीत इतिहासाचा धडा शोधत बसतो.

'डॉमिनिकाना'चा कागद असा होईल. त्रुहियोची सत्ता 1930 ते 1961. 30 मे 1961 ला त्याची हत्या. पंधरा वर्षांची अ‍ॅना न्यूयॉर्कला पोचते ती 1965 च्या जानेवारीत, वॉशिंग्टन हाइट्समध्ये, ऑडुबॉन बॉलरूमच्या जवळ. 21 फेब्रुवारीला तिथेच कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्सची हत्या होते. एप्रिलमध्ये तिच्या देशात यादवी पेटते आणि अमेरिकेचं सैन्य उतरतं. नवरा मालमत्ता वाचवायला तिकडे जातो, आणि मारहाण करणाऱ्या त्या नवऱ्याच्या गैरहजेरीत अ‍ॅना पहिल्यांदा मोकळा श्वास घेते. इंग्रजीच्या वर्गाला जाते, खायचे पदार्थ करून विकते.

याच कागदावर आणखी एक तारीख हवी: 3 ऑक्टोबर 1965. देशवार कोटे मोडून काढणारा नवा इमिग्रेशन कायदा त्या दिवशी सहीबंद झाला. त्यानंतरच आपले डॉक्टर-इंजिनिअर अमेरिकेत मोठ्या संख्येने येऊ लागले. म्हणजे अ‍ॅना जानेवारीत पोचते, आणि आपल्यातल्या कोणाच्या काका-मामांसाठी दार उघडतं ते त्याच वर्षाच्या शेवटी. हे सांगितल्यावर सत्तरी ओलांडलेले वाचक एकदम पुढे सरकून बसतात.

कागदाच्या मागच्या बाजूला पात्रांची यादी करा आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: जन्म कुठे, हातात कागदपत्रं कुठली, कोण कुठे जाऊ शकतं. 'इन्फिनिट कंट्री'साठी ही यादी नसेल तर चर्चा अडखळते. बाप माउरोला परत पाठवलंय. आई एलेना कागदांविना अमेरिकेत. थोरली करीना बोगोतात जन्मली, तान्ही असताना आली, म्हणून तीही कागदांविना. नांदो अमेरिकेत जन्मला, म्हणून नागरिक. धाकटी तालियाही अमेरिकेत जन्मली, नागरिक आहे, पण वाढली आजीजवळ कोलंबियात. एका आईच्या तीन मुलांत कोणाला विमानात बसता येतं आणि कोणाला नाही, हाच या कादंबरीचा ताण. गोव्यातल्या वाचकांना हे चटकन कळतं. भावंडांत एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि दुसऱ्याकडे भारतीय, अशी घरं तिथे आहेत.

वाचताना खुणा कुठे करायच्या

प्रत्येकाने पेन्सिल घेऊन तीनच प्रकारच्या खुणा कराव्यात.

पहिली खूण निवेदक बदलतो तिथे. 'लॉस्ट चिल्ड्रन अर्काइव्ह'मध्ये न्यूयॉर्कहून अ‍ॅरिझोनाला गाडीने निघालेल्या कुटुंबाची गोष्ट आधी आई सांगते आणि पुढे दहा वर्षांचा मुलगा सांगू लागतो. आईकडे माहिती आहे, फायली आहेत, अपराधीपणा आहे. मुलाकडे पोलरॉइड कॅमेरा आणि धाकटी बहीण. हरवलेल्या मुलांची गोष्ट मुलाच्या हाती गेल्यावर काय बदलतं, यावर आमची अख्खी बैठक गेली होती. जाता जाता, या लुइसेलीबाई शाळकरी वयात काही काळ पुण्याजवळ मुळशीतल्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजात शिकल्या. पुढे न्यूयॉर्कच्या इमिग्रेशन कोर्टात एकट्या आलेल्या मुलांसाठी त्यांनी दुभाषाचं काम केलं. त्या मुलांना विचारायच्या 40 प्रश्नांभोवती त्यांनी 'टेल मी हाउ इट एंड्स' हा दीर्घ निबंध रचला. कादंबरीसोबत तो वाचावाच. तासा-दोन तासांत होतो.

दुसरी खूण काळाच्या उडीवर. 'गार्सिया गर्ल्स' उलटी चालते: मोठ्या झालेल्या बहिणींपासून सुरू होऊन 1956 च्या बालपणापर्यंत मागे. पहिल्यांदा वाचणारे वैतागतात. वैतागू द्या, पण कुठल्या पानावर वैतागलात ते लिहून ठेवायला सांगा. मुलींच्या मोडलेल्या लग्नांची, आजारपणांची ओळख आधी होते, आणि ज्या घरातून त्या उखडल्या गेल्या ते घर सगळ्यात शेवटी भेटतं. सरळ क्रमाने सांगितली असती तर ही गावाहून शहरात येऊन जम बसवल्याची नेहमीची कहाणी झाली असती.

तिसरी खूण सगळ्यात अवघड, कारण ती नसलेल्या गोष्टीवर करायची आहे. कोण बोलत नाही? हेन्रिकेझच्या पुस्तकात आई आल्मा बोलते, शेजारचा पनामाचा मुलगा मायोर बोलतो, इमारतीतले इतर भाडेकरू एकेका प्रकरणात आपली कहाणी सांगून जातात, बाप अगदी शेवटी बोलतो. जिच्यासाठी सगळे इथे आले त्या मारिबेलला एकही प्रकरण नाही. हे ध्यानात आलं की पुस्तक दुसऱ्यांदा उघडावंसं वाटतं.

स्पॅनिश शब्दांचं काय, असं दर वेळी विचारतात. फोनवर अर्थ शोधत बसू नका, संदर्भाने पुढे जा. आणि गटात एखाद्याला स्पॅनिश येत असेल तर त्याला संध्याकाळभर दुभाषा करू नका.

लेखिकेला बोलवायचं असेल तर

नामवंत लेखिकांचे कार्यक्रम व्याख्यान-संस्थांमार्फत ठरतात आणि मानधन घरगुती गटाच्या आवाक्याबाहेर असतं. तिथे ग्रंथालय किंवा कॉलेजला पुढे करा; त्यांच्याकडे त्यासाठी तरतूद असू शकते. पहिली-दुसरी कादंबरी आलेली लेखिका मात्र वाचन गटाशी अर्धा-पाऊण तास व्हिडिओवर बोलायला तयार होण्याची शक्यता बरीच असते. तिच्या संकेतस्थळावर संपर्काचा रकाना असतो, नाहीतर प्रकाशकाच्या प्रसिद्धी विभागाला लिहा. पत्रात पाच गोष्टी हव्यात: तुम्ही कोण, किती जण, सगळ्यांनी पुस्तक वाचलेलं असेल का, किती वेळ हवा, आणि मानधन किती देऊ शकता. देता येत नसेल तर तेही स्पष्ट लिहा आणि त्याऐवजी किती प्रती विकत घेतल्या ते सांगा. "आपल्या उदात्त कार्याला" वगैरे मजकूर नको. फुकट वेळ मागताना स्तुती जितकी जास्त, तितकं उत्तर उशिरा येतं.

वेळ ठरवताना पुण्या-मुंबईतले सभासद असतील तर न्यूयॉर्कची संध्याकाळ कामाची नाही, त्यांच्याकडे पहाट होते. न्यूयॉर्कचे शनिवार सकाळचे 10 घ्या. भारतात उन्हाळी वेळेत संध्याकाळचे 7:30, हिवाळ्यात 8:30. घड्याळ नोव्हेंबर आणि मार्चमध्ये बदलतं. आमंत्रणात दोन्हीकडची वेळ लिहा.

नाही जमलं तरी बिघडत नाही. बहुतेक लेखिकांच्या मुलाखती ध्वनिचित्रफितीत मिळतात. पंधरा मिनिटांचा तुकडा निवडा, आणि तो चर्चेच्या शेवटी दाखवा. सुरुवातीला दाखवला की लेखिका म्हणाली तेच खरं असं सगळे धरून चालतात, आणि कोणी तोंड उघडत नाही.

प्रश्न घडवणं

हे काम आदल्या रात्री होत नाही. प्रत्येकाकडून एक-एक प्रश्न आठवडाभर आधी मागवा आणि दोघा-तिघांनी बसून ते घासून घ्या. एक नमुना दाखवते.

'डॉमिनिकाना'वर आलेला प्रश्न: "अ‍ॅना म्हणजे तुमची आई का?" क्रूझने आईच्या आयुष्यातून ही कादंबरी उगवल्याचं उघडपणे सांगितलेलं आहे, त्यामुळे होकारापलीकडे काही हाती लागणार नाही. पुस्तकाकडे परत जाऊ. अ‍ॅना स्वतः बोलते, आणि वर्तमानकाळात बोलते. पुढे काय होणार हे तिला ठाऊक नाही. मग प्रश्न असा घडवला: "साठीतली अ‍ॅना मागे वळून ही गोष्ट सांगू शकली असती. तुम्ही तिला पंधरा-सोळा वर्षांचीच ठेवलीत, त्यामुळे नवऱ्याबद्दल वाचकाला जे कळतं ते तिला अजून कळलेलं नसतं. असं का केलंत?" यात आई आहेच. पण आता लेखिकेला विचार करून बोलावं लागेल.

सीमेच्या धोरणाचा प्रश्नही असाच वळवता येतो. "सरकारने काय करावं?" ऐवजी, "या पुस्तकात सरकार कुठल्या पानावर, कोणाच्या रूपात भेटतं?" कधी तो शाळेतला फॉर्म असतो, कधी घरमालक, कधी रस्त्यात थांबवणारा पोलिस. पानं काढून बघा. सरकार क्वचितच सरकारच्या रूपात येतं.

दीड तासाच्या बैठकीला असे पाच प्रश्न पुरतात. सहावा खिशात असू द्या.

प्रत्यक्ष बैठकीत

सुरुवातीलाच दोन नियम सांगा आणि ते गंभीरपणे सांगा. इथे कोणी कोणाला इमिग्रेशन स्टेटस विचारणार नाही. आणि आधी सगळ्यांची संमती घेतल्याशिवाय रेकॉर्डिंग, फोटो, समाजमाध्यमावर नावं, काही नाही. ग्रंथालयातल्या खुल्या बैठकीत शेजारी बसलेल्याच्या घरात कोणाकडे कागदपत्रं नसतील हे तुम्हाला कळणार नाही, आणि कळायचं कारणही नाही. "मग तुम्ही कसे आलात?" हा आपल्याकडे ओळख वाढवायचा प्रश्न आहे. इथे तो तोंडातून निघता कामा नये.

आता मराठी गटात हटकून येणारं वाक्य: "आम्ही तर वर्षानुवर्षं लाइनीत उभे आहोत, हे लोक लाइन मोडून आले." ते बोलणाऱ्याला गप्प करू नका. ग्रीन कार्डाची वाट बघण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, मुलं एकवीस वर्षांची होऊन अर्जातून गळतील या धास्तीत जो जगला, त्याचा राग खोटा नाही. त्याला पुस्तकाकडे न्या: "या पात्राला कुठल्या लाइनीत उभं राहता आलं असतं?" इथे थोडी माहिती हाताशी हवी. फारसं शिक्षण नसलेल्या कामगारांसाठी कायमस्वरूपी राहण्याचे परवाने वर्षाला जास्तीत जास्त 10,000, तेही सगळ्या जगासाठी मिळून. अमेरिकन नागरिकाने मेक्सिकोतल्या सख्ख्या भावा-बहिणीसाठी अर्ज केला तर प्रतीक्षा वीस वर्षांहून जास्त. नोकरी आणि नात्यांच्या रांगांत कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांहून जास्त वाटा नाही, हा नियम आपल्याला अडवतो तसाच त्यांनाही. आणि रिवेरा कुटुंब तर रीतसर व्हिसावरच आलं होतं. एवढं झाल्यावर मत बदलेलच असं नाही, पण बोलणं रागापासून पानापर्यंत येतं. सूत्रसंचालकाचं काम तिथे संपलं.

'अमेरिकन डर्ट'चा विषय कोणी ना कोणी काढणारच. जानेवारी 2020 मध्ये जीनिन कमिन्स या मेक्सिकन नसलेल्या लेखिकेची ही मेक्सिकन मायलेकांची कादंबरी मोठ्या आगाऊ रकमेनिशी, मोठ्या गाजावाजात आली, आणि मेक्सिकन-अमेरिकन लेखिकांनी साचेबंद चित्रणावरून तिच्यावर कडाडून टीका केली. प्रकाशकाने लेखिकेचा उरलेला दौरा रद्द केला. यावर दहा मिनिटं द्या, जास्त नाही. कोणी कोणाबद्दल लिहावं यावर भांडत बसण्यापेक्षा, स्वतःच्या समाजाबद्दल लिहिणाऱ्या किती लेखिकांना तेवढी आगाऊ रक्कम आणि तेवढी जाहिरात मिळते हे विचारलं तर बोलणं पुढे सरकतं. वादाचं मूळही बरंचसं तिथेच होतं.

लेखिका समोर असेल तर पहिले दोन प्रश्न ज्याने पुस्तक सगळ्यात बारकाईने वाचलंय त्याने विचारावेत. पुढच्यांची पातळी तिथे ठरते. तिच्या नावाचा उच्चार आधी ऐकून ठेवा. ग्रान्देला ग्रँड म्हणू नका. माइक हातात घेऊन स्वतःची अमेरिका-गाथा सुनावणारे एक काका असतातच. त्यांना प्रेमाने सांगायचं, "काका, पान कुठलं?"

बैठकीनंतर

दोन दिवसांत लेखिकेला आभाराचं पत्र जावं. त्यात गटाला अडलेली एखादी जागा, वाद झालेलं एखादं पान यांचा उल्लेख करा. नुसत्या "खूप आवडलं"पेक्षा ते तिच्या उपयोगाचं असतं. पुढचं पुस्तक त्याच दिवशी ठरवून टाका, ताव असतो तोवर. हेन्रिकेझनंतर एंगल चांगली जुळते, कारण वाचकांना कागदपत्रांची भाषा समजलेली असते. 'डॉमिनिकाना'नंतर क्रूझचीच 'हाउ नॉट टू ड्राउन इन अ ग्लास ऑफ वॉटर' (2022) घ्या: छप्पन्न वर्षांची कारा रोमेरो नोकरी शोधून देणाऱ्या बाईसमोर बारा बैठकांत आपलं सगळं आयुष्य ओतते, मधे मधे अर्ज आणि भाड्याची बिलं. मोठ्याने वाचायला ही उत्तम. गटात कोणाची किशोरवयीन मुलं असतील तर अल्वारेझची 'रिटर्न टू सेंडर' (2009) त्यांच्यासोबत वाचता येईल. व्हरमाँटमधल्या एका दुग्धशाळेत राबणाऱ्या मेक्सिकन कुटुंबाची आणि त्या शेतमालकाच्या मुलाची ती गोष्ट आहे. त्या बैठकीत प्रश्न मुलांना काढू द्या, आणि मोठ्यांनी पहिला अर्धा तास बोलायचं नाही.